रूढ उपमा आणि समीक्षेच्या रूढी

१

इंग्रजीत 'ॲज... ॲज' या साच्यात बसणाऱ्या रूढ तुलना शेकड्यांनी आहेत. 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर', 'ॲज डेड ॲज अ डोअरनेल', 'ॲज मॅड ॲज अ हॅटर' ही त्यांतली सर्वपरिचित उदाहरणे. त्यांच्याविषयी आपल्या अभ्यासव्यवहारात तीन भूमिका शेजारीशेजारी नांदताना दिसतात. इंग्रजी शिकवणारा विद्यार्थ्यांना त्यांची यादी पाठ करायला लावतो आणि निबंधात जागोजाग पेरायला सांगतो, कारण त्याच्या मते त्या भाषेचे अलंकार होत. साहित्य शिकवणारा त्याच यादीला 'मृत उपमा' हे नाव देऊन ती केराच्या टोपलीत टाकतो, कारण त्याच्या मते अलंकार म्हणजे नवनिर्मिती. तिसरा असतो चौकस वाचक. तो प्रत्येक तुलनेची जन्मकथा शोधत हिंडतो आणि ती सापडली की अर्थ सापडल्याचे समाधान मानतो.

हे तिघे परस्परांचे विरोधक आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्यांचे एका गृहीतकावर पूर्ण एकमत आहे. रूढ तुलनेचा अर्थ तिच्यातील चित्रात साठवलेला असतो, हे ते गृहीतक. पहिल्याला ते चित्र देखणे वाटते, दुसऱ्याला विटलेले आणि तिसऱ्याला धुळीखाली झाकलेले. चित्राकडे पाठ फिरवून या तुलना कोण, कोणाशी, कशाविषयी आणि कोणत्या सुरात बोलतो हे पाहावे, असे तिघांपैकी एकालाही सुचत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकावर आहे. रूढ तुलनेचा अर्थ वापरात असतो. तिचे चित्र विझलेले असले तरी तिचा व्यवहार विझलेला नसतो. म्हणून 'मृत उपमा' ही संज्ञा निदान या संदर्भात तरी समीक्षेने टाकून द्यावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. हा केवळ परिभाषेचा वाद नव्हे. इंग्रजी कथासाहित्यातील संवाद आपण कसे वाचतो आणि ते मराठीत कसे आणतो, हे या वादाच्या निकालावर अवलंबून आहे.

२

आपल्या अलंकारशास्त्राच्या कसोटीने पाहिले तर 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर' ही तुलना निर्दोष पूर्णोपमा ठरते. ज्याच्याविषयी बोलायचे तो मनुष्य हे उपमेय, काकडी हे उपमान, 'कूल' असणे हा साधारण धर्म आणि 'ॲज' हा सादृश्यवाचक शब्द. चारही अंगे उपस्थित. तरीही आपला कोणताही साक्षेपी आलंकारिक तिला उपमालंकार म्हणणार नाही. गवा गाईसारखा असतो या विधानात सादृश्य आहे, पण उपमा नाही, हे आपल्या शास्त्राने फार पूर्वी ओळखले. जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त उपमेच्या लक्षणातच सादृश्याला 'सुंदर' हे विशेषण लावले, ते याच कारणाने. चमत्कृती नसेल तर चारही अंगे असूनही अलंकार उभा राहत नाही.

मग या तुलना आहेत तरी काय? 'मृत उपमा' म्हणणारा इथेच घाई करतो. अलंकार नाही म्हणजे प्रेत, असा त्याचा हिशेब. पण भाषेत अलंकाराखेरीजही पुष्कळ कामे असतात. या तुलनांतील उपमान दोन कामे उघडपणे करते. पहिले काम गुणाची मात्रा वाढवण्याचे. 'डेड ॲज अ डोअरनेल' म्हणजे दारावरच्या खिळ्याशी साम्य नव्हे, तर 'पुरते मेलेले'. इथे 'डोअरनेल' हा शब्द नामाचे कपडे घातलेले क्रियाविशेषण आहे. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ते म्हणजे अनेकार्थी विशेषणातून नेमका अर्थ निवडण्याचे.

'थिक' हे विशेषण पाहा. 'ॲज थिक ॲज थीव्ह्ज' म्हणजे चोरांसारखे एकमेकांत मिसळलेले, गळ्यात गळा घालून वावरणारे. 'ॲज थिक ॲज टू शॉर्ट प्लँक्स' म्हणजे मठ्ठ. विशेषण तेच, पण उपमान बदलले की ते एकदा सलगी सांगते आणि एकदा बुद्धिमांद्य. 'ड्राय ॲज अ बोन' जमिनीला लागते, घशाला लागते. 'ड्राय ॲज डस्ट' लागते ते पुस्तकांना आणि व्याख्यानांना. वॉल्टर स्कॉटने रुक्ष पुराणवस्तुपंडिताचे पात्र कल्पिले तेव्हा त्याला 'डॉ. ड्रायॅझडस्ट' हेच नाव दिले, 'ड्रायॅझबोन' दिले नाही. 'व्हाइट ॲज स्नो' वस्त्राला, केसांना चालते. 'व्हाइट ॲज अ शीट' फक्त भीतीने किंवा धक्क्याने रक्त उतरलेल्या चेहऱ्याला. चादर बर्फाहून अधिक पांढरी आहे की कमी, हा प्रश्न इथे उद्भवतच नाही. 'चादर' हा शब्द पांढरेपणाची मात्रा मोजत नाही, तो पांढरेपणाची जात सांगतो.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपण हेच काम बहुतांशी जोडशब्दांकडून करून घेतो. सदरा पांढराशुभ्र असतो, चेहरा मात्र पांढराफटक पडतो. रागाने डोळे लालबुंद होतात, पोपटाची चोच लालचुटुक असते आणि भडक रंग लालभडक. विहीर कोरडीठाक पडते, भाषण मात्र रटाळ होते. 'फटक' म्हणजे काय, 'बुंद' कुठून आला, हे न सांगता येणारा मराठी भाषकही सदऱ्याला चुकून पांढराफटक म्हणत नाही. म्हटलेच तर त्याला सदऱ्याची निंदा करायची असते. काही ठिकाणी आपणही तुलनेचाच आश्रय घेतो. 'गरीब गाय' या प्रयोगात गाय 'गरीब'चा निर्धन हा अर्थ वगळून निरुपद्रवी हा अर्थ निवडते. 'सुतासारखा सरळ' होतो तो ताळ्यावर आणलेला माणूस; रस्ता कितीही सरळ असला तरी त्याच्याविषयी आपण सहसा असे म्हणत नाही. हे सगळे प्रयोग मृत आहेत असे म्हणायचे असेल तर मराठी बोलणे म्हणजे स्मशानातला फेरफटका, असे म्हणावे लागेल.

३

आता जन्मकथांकडे वळू. 'ॲज मॅड ॲज अ हॅटर' या तुलनेविषयी जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी की टोप्यांसाठी लागणारे नमदे तयार करताना पाऱ्याचे क्षार वापरत, त्यांच्या विषबाधेने टोपीवाल्यांच्या मेंदूवर परिणाम होई आणि म्हणून ते वेडे. पाऱ्याने कामगारांची हानी होत असे हे खरे. ती व्यवसायजन्य रोगाची सुस्थापित हकीकत आहे. पण तेवढ्यावरून तुलनेचा उगम सिद्ध होत नाही आणि झाला तरी अर्थ सिद्ध होत नाही. पाऱ्याच्या विषबाधेचा रोगी थरथरतो, बुजतो, लोकांसमोर यायला लाजतो, चटकन चिडतो. लुइस कॅरॉलच्या १८६५ सालच्या 'ॲलिस'मधला टोपीवाला बुजरा नाही, तो पाहुण्यांना कोड्यात पकडणारा वाचाळ गृहस्थ आहे. १९८३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही शंका वैद्यकीय आधाराने मांडली गेली. तरीही पाऱ्याची कथा हटली नाही. कथा म्हणून ती फारच सोयीची आहे.

या सोयीची किंमत साहित्याच्या वाचनात मोजावी लागते. कॅरॉलच्या पुस्तकात 'मॅड हॅटर' हे नाव कुठेही येत नाही, तिथे तो नुसता 'हॅटर' आहे. 'मॅड' हे विशेषण वाचकांनी आपल्या पदरचे घातले, कारण ते भाषेत आधीपासून टोपीवाल्याला चिकटलेले होते. पुस्तक निघण्यापूर्वी तीसएक वर्षे तरी ही तुलना छापील गद्यात दिसते. त्याच्या शेजारी चहाला बसलेला 'मार्च हेअर' हाही त्याहून जुन्या, सोळाव्या शतकापासून आढळणाऱ्या 'मॅड ॲज अ मार्च हेअर' या तुलनेतून उतरलेला आहे. आणि या दोघांचा पत्ता ॲलिसला सांगणारे ते हसरे मांजर 'ग्रिन लाइक अ चेशर कॅट' या आणखी एका रूढ तुलनेचे अपत्य. म्हणजे या प्रसंगात पात्रे म्हणून वावरतात त्या तीन रूढ उपमा. कॅरॉलचा खेळ असा की ज्या उपमानांना भाषेने कधी स्वतंत्र अस्तित्व दिले नव्हते त्यांना त्याने अंग दिले, वाचा दिली आणि बोलायला बसवले. हा खेळ ज्याला कळतो त्याला पारा लागत नाही. ज्याला पारा हवा असतो त्याच्या हातून खेळ निसटतो.

आपल्याच शास्त्रात या चुकीचे निदान कधीच झालेले आहे. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला: मूळ अर्थ दर्भ तोडून आणणारा, रूढ अर्थ निपुण. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे, असे त्याचे म्हणणे. 'गो' हा शब्द जाणे या धातूपासून साधला म्हणून झोपलेल्या गाईला 'गो' म्हणताना लक्षणा होत नाही. शब्द कशापासून बनला हा एक प्रश्न आणि तो कशाच्या बळावर चालतो हा दुसरा प्रश्न. चौदाव्या शतकात इतक्या स्वच्छपणे मांडलेला हा भेद विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतल्या आपल्या अभ्यासकाने इंग्रजीसमोर उभे राहताच विसरावा, याला काय म्हणावे?

'फिट ॲज अ फिडल' हे याचे चोख उदाहरण. ही तुलना सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळते आणि तेव्हा 'फिट' म्हणजे यथायोग्य, नेमक्या कामाचा. पुढे 'फिट'ला निरोगी हा अर्थ आला आणि तुलना बिनतक्रार त्या अर्थाने चालू लागली. सारंगी निरोगी कशी, असे इंग्रजाने विचारले नाही. व्युत्पत्तिनिमित्त मागे राहिले, प्रवृत्तिनिमित्त पालटले आणि प्रयोग टिकून राहिला. 'हॅपी ॲज लॅरी' म्हणणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला हा लॅरी कोण हे ठाऊक नसते. अभ्यासकांतही त्याविषयी एकमत नाही. त्यावाचून त्याच्या आनंदात मात्र काही उणे पडलेले दिसत नाही.

४

'मृत' म्हणणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे जॉर्ज ऑर्वेलचा १९४६ सालचा 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' हा निबंध. छापील मजकुरात वारंवार दिसणारे रूपक, उपमा वा अन्य अलंकार वापरू नका, हा त्याचा पहिला नियम. ऑर्वेलवर अन्याय करण्याचे कारण नाही. पुरते मेलेले रूपक साध्या शब्दाच्या पातळीवर येते आणि ते निर्वेधपणे वापरता येते, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. त्याचा राग आहे तो मरणासन्न रूपकांवर, आणि तोही राजकीय गद्यात विचाराची जागा शब्दसमूह घेतात म्हणून. हा राग रास्त आहे. पण त्याच्या शिष्यांनी राजकीय गद्यासाठी दिलेले औषध सगळ्या भाषेला पाजले आणि प्रयोगाचे वय हाच त्याचा दोष ठरवला.

वय हा दोष असता तर 'डेड ॲज अ डोअरनेल' कधीच संपायला हवे होते. चौदाव्या शतकात लँगलंडने 'पिअर्स प्लाउमन'मध्ये ही तुलना वापरली ती कृतीची जोड नसलेल्या श्रद्धेविषयी. तिथून सुमारे पाच शतकांनी, १८४३ साली, डिकन्सने 'अ ख्रिसमस कॅरोल'च्या आरंभीच ती मार्लीच्या मृत्यूला लावली आणि लगेच कथनकर्त्याला थबकवून विचार करायला लावले: दारावरच्या खिळ्यात विशेष मृत असे काय आहे? त्यापेक्षा शवपेटीचा खिळा अधिक मेलेला नव्हे का? आणि मग पूर्वजांच्या शहाणपणावर हवाला ठेवून त्याने तुलना आहे तशीच ठेवली. चित्र तपासून पाहिले तर ते टिकत नाही, हे डिकन्सने आपल्या सगळ्या सिद्धान्तकारांच्या आधी दाखवून दिले आणि त्याच श्वासात हेही दाखवले की चित्र टिकले नाही तरी प्रयोगाचे काहीच बिघडत नाही.

इथे त्याहून महत्त्वाची गोष्ट सुराची आहे. ही तुलना यंत्रे, बेत, ठराव, फसलेले विनोद यांच्याविषयी सहज बोलली जाते. शोकाकुल घरात मृताविषयी कोणी ती वापरली तर तो असभ्यपणा ठरेल. डिकन्सने ती माणसाला लावली आणि त्या एका निवडीने सांगून टाकले की या माणसासाठी कोणीही रडणारे नव्हते. स्क्रूजच्या हिशेबी दुनियेत मार्लीचा मृत्यू ही बंद झालेल्या खात्याइतकीच कोरडी नोंद आहे. हा अर्थ कोशात मिळत नाही. कोशात मिळतो 'संपूर्णपणे मृत'. आणि 'मृत उपमा' म्हणून डोळे मिटून पुढे जाणाऱ्या समीक्षकालाही तो मिळत नाही.

मम्मटाशीही इथे मतभेद नोंदवला पाहिजे. रूढीवर आधारलेल्या लक्षणेत व्यंग्य नसते, व्यंग्य असते ते प्रयोजनवती लक्षणेत, अशी त्याची विभागणी आहे. एकेका शब्दापुरती ती ठीक आहे. पण एकच आशय सांगणारे अनेक रूढ प्रयोग भाषेत उपलब्ध असतात तेव्हा त्यांतून एकाची निवड करणे हेच व्यंजनेचे क्षेत्र बनते. 'ड्रंक ॲज अ लॉर्ड' या तुलनेत झिंगलेल्या माणसाविषयी थोडी कौतुकाची सूट आहे; 'सोबर ॲज अ जज' म्हणताना बोलणाऱ्याला बहुधा कोणाचा तरी संशय फेडायचा असतो. हे व्यंग्य रूढीतूनच येते, रूढीला डावलून नव्हे.

रूपकविचाराला नवे वळण देणारे लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली 'मेटॅफर्स वुई लिव्ह बाय' या ग्रंथात रूढ रूपके मृत नसून आपल्या विचारालाच आकार देतात असे मांडले, तेव्हा या तुलनांनाही न्याय मिळेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. त्यांना जिवंत वाटली ती व्यवस्थेत बसणारी रूपके: वाद म्हणजे युद्ध, काळ म्हणजे पैसा. ज्यांच्यामागे अशी व्यवस्था नाही, जी एकेकटी आहेत, पर्वताच्या पायथ्यासारखी, ती त्यांनी कडेला सारली. 'मृत' म्हणायचेच असेल तर यांना म्हणा, अशी सूट देऊन टाकली. खिळा, काकडी आणि टोपीवाला यांच्यामागे अर्थातच कोणतीही संकल्पनाव्यवस्था नाही. म्हणजे रूपकांना स्मशानातून परत आणायला निघालेल्यांनीही यांना तिथेच ठेवले. कारण त्यांनाही जीवनाचे लक्षण म्हणून हवे होते ते चित्र. फक्त एका चित्राऐवजी चित्रांची व्यवस्था.

जीवनाचे सोपे लक्षण दुसरेच आहे. जी गोष्ट उलटवता येते ती मेलेली नसते. 'क्लिअर ॲज मड' ही तुलना पाहा: चिखलाइतके स्वच्छ, म्हणजे काहीही न कळण्याजोगे. ऐकणाऱ्याच्या कानात 'क्लिअर ॲज क्रिस्टल' आधीच वाजत असते म्हणून उपरोध साधतो. चॉकलेटच्या किटलीइतका उपयोगी, घणाइतका नाजूक, असे कित्येक प्रयोग याच वाटेने घडले आणि घडत आहेत. आरंभी 'अबाउट' हा शब्द जोडला की सराईत ऐकणारा उपरोधासाठी कान टवकारतो. हा साचा इतका जागता आहे की बोलणारा त्याच्याशी रोज खोड्या काढतो. प्रेताशी कोणी खोड्या काढत नाही.

५

या सगळ्याचा आपल्या वर्गांशी आणि भाषांतरांशी काय संबंध? तो थेट आहे. रोझमंड मून या कोशविद्याभ्यासिकेने २००८ साली या तुलनांचा भाषासंग्रहांच्या आधारे अभ्यास प्रसिद्ध केला. कोशांत आणि याद्यांत या तुलनांची जितकी गर्दी आहे तितकी ती प्रत्यक्ष वापरात नाही. अनेक नावाजलेले प्रयोग संग्रहांत क्वचितच भेटतात, असे त्यातून दिसते. बोलण्यात पहिला 'ॲज' अनेकदा गळतो: 'गुड ॲज गोल्ड', 'राइट ॲज रेन'. आणि त्यांचा विषय ठरलेला असतो. 'गुड ॲज गोल्ड' असते ते शहाण्यासारखे वागलेले मूल. सचोटीच्या माणसाचे ते वर्णन नव्हे. 'राइट ॲज रेन' होतो तो आजारातून उठलेला, म्हणजे आपला खडखडीत बरा झालेला. बिनचूक उत्तराला ते लागत नाही. 'बोल्ड ॲज ब्रास' ही शौर्याची स्तुती नव्हे, निर्लज्जपणाबद्दलचा शेरा आहे. आमच्याकडील मार्गदर्शक पुस्तके 'बोल्ड'पुढे 'धाडसी' लिहून मोकळी होतात आणि विद्यार्थी शिवाजी महाराजांवरील निबंधात पितळेसारखे धाडस लिहून येतो. दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याला अर्थ दिला गेला, वापर दिला गेला नाही.

'ब्राउन ॲज अ बेरी' हे आणखी बोलके उदाहरण. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्येही ते आहे. बोरांच्या जातीची फळे फारशी तपकिरी नसतात, हा प्रश्न सोडा. आज ब्रिटनमध्ये ते बोलले जाते ते सुट्टीवर जाऊन, ऊन खाऊन परतलेल्या माणसाला, आणि कौतुकाने. उन्हाच्या दुर्भिक्षातले ते कौतुक आहे. मुलीच्या रंगावरून स्थळे मोडणाऱ्या आपल्या समाजात हेच शब्द शब्दशः उतरवले तर कौतुकाची कुचेष्टा होते. प्रदेश बदलला की रूढीही बदलते, हे इंग्रजीच्या अंतर्गतही खरे आहे: ब्रिटिश माणूस 'सँडबॉय'सारखा आनंदी, अमेरिकन शिंपल्यातल्या 'क्लॅम'सारखा, ऑस्ट्रेलियन लॅरीसारखा. तिन्ही ठिकाणी आनंद तोच आहे, पण तीन पात्रांच्या तोंडी त्या घातल्या तर तीन माणसे तीन देशांची ठरतात. कादंबरीकार हे जाणतो. भाषांतरकाराने जाणायला नको?

आपल्या भाषांतरांत दोन प्रकारचे अपघात नित्य आढळतात. पहिला, चित्र उतरवण्याचा: 'तो काकडीसारखा थंड होता.' इंग्रजीत निजलेले चित्र मराठीत खडबडून जागे होते आणि वाचकाला कोशिंबीर आठवते. शिवाय मराठीत 'थंड माणूस' म्हणजे निरुत्साही, ढिला. आशयच उलटा झाला. दुसरा, चित्र गाळून नुसता कोशार्थ उतरवण्याचा: 'तो शांत होता.' इथे चूक नाही, पण सूर गेला. इतरांची धांदल उडालेली असताना हा गृहस्थ निवांत आहे आणि बोलणाऱ्याला त्याचे कौतुक किंवा संताप वाटतो आहे, हे त्या तुलनेत होते. कौतुक असेल तर 'थंड डोक्याने', संताप असेल तर 'ढिम्म', असे काहीतरी प्रसंग पाहून निवडावे लागते. उपमेला उपमाच द्यायला हवी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. इंग्रजी ज्या ठिकाणी तुलना वापरते त्या ठिकाणी मराठी पुष्कळदा जोडशब्द वापरते. 'व्हाइट ॲज अ शीट'साठी 'पांढराफटक' हे नुसते जवळचे भाषांतर नाही, ते त्याच कामावर नेमलेले मराठी माणूस आहे.

अशा निवडीने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. मराठीत टोपीवाला वेडा नसतो आणि ससा मार्च महिन्यात बहकत नाही. कॅरॉलचा प्रसंग मराठीत आणताना तीन पात्रांच्या पायाखालची भाषाच निघून जाते. तिथे भाषांतरकार नवी पात्रे रचील की तळटीप देईल, हा त्याचा प्रश्न. पण आपण नेमके काय गमावतो आहोत हे त्याला ठाऊक असले पाहिजे. पाऱ्याची गोष्ट तळटिपेत देऊन ते भरून येणार नाही.

६

माझ्या भूमिकेवर एक आक्षेप अपेक्षित आहे. हा तर गुळगुळीत भाषेचा कैवार झाला; लेखकाने मग नव्या प्रतिमा शोधायच्याच कशाला? आक्षेप जुना आहे. १७३८ साली स्विफ्टने सभ्य समाजातल्या ठरीव बोलण्याचा एक अख्खा ग्रंथ रचून त्याची टर उडवली होती. वाक्प्रचार गुळगुळीत झाल्याची तक्रार स्वतःच केव्हाची गुळगुळीत झाली आहे. तरीही तिचे उत्तर दिले पाहिजे.

रूढ तुलना सर्वत्र वापराव्यात असे मी म्हणत नाही. भावकवितेत त्या बहुधा निरुपयोगी असतात, राजकीय गद्यात प्रसंगी घातक असतात. दोष ठरवायचा तो त्या वापरातून, वयावरून नव्हे, इतकेच म्हणणे आहे. आपल्या समीक्षेला ही गोष्ट अवघड जाते याला ऐतिहासिक कारण आहे. मर्ढेकरांच्या कवितेने आणि सौंदर्यविचाराने मराठीत नव्या प्रतिमेला जे मोल मिळवून दिले ते योग्यच होते. त्यापाठोपाठ आलेल्या रशियन रूपवाद्यांच्या परिचयाने, विशेषतः श्क्लोव्हस्कीच्या अपरिचितीकरणाच्या संकल्पनेने, त्या मोलाला सिद्धान्ताचे पाठबळ दिले. पण हळूहळू 'रूढ' हा वर्णनपर शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. कवितेची कसोटी संवादाला लागली, कादंबरीला लागली, बोलीला लागली. ज्या समाजाचे बहुतेक बोलणे रूढ प्रयोगांनी चालते त्या समाजाचे बोलणे समीक्षेला ऐकू येईनासे झाले. अपरिचितीकरणालासुद्धा आधी परिचित असे काही लागते, एवढेही लक्षात राहिले नाही. कॅरॉलने रूढी मोडली नसती तर टोपीवाला बोलला नसता. पण रूढी नसती तर मोडायला काय उरले असते?

कोणत्याही रूढ तुलनेपुढे आपण आल्यावर ती नवी आहे की जुनी, किंवा ती कोठून आली, हे विचारण्याची घाई नको. ती कोण कोणाला म्हणतो आहे, कशाविषयी म्हणतो आहे, कशाविषयी कधीच म्हणणार नाही आणि तिच्या जागी दुसरी घातली असती तर काय बिघडले असते, हे आधी विचारावे. पदव्युत्तर वर्गात इंग्रजी कादंबरी वाचताना एवढे प्रश्न विचारले जाऊ लागले तर पाठांतराच्या याद्या आपोआप गळून पडतील. ज्या उपमांना आपण मृत म्हणून पुरले त्या तिथे मुळातच नव्हत्या, हेही मग कळेल. त्या बोलणाऱ्यांच्या तोंडी होत्या. आपण फक्त ऐकणे सोडले होते.